मारुतीभाऊंचं पोट आणि आमचा जीपस्टँड

चहाच्या गाडीवर किस्से गोळा करायला जावं लागत नाही, ते आपोआप साठतात. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर उभा असतो, हातात ग्लास असतो आणि तोंडाला काम नसतं. एक जण काहीतरी सांगतो, दुसरा म्हणतो, "ह्ये काईच न्हाई, आमच्या मेव्हण्याचं ऐका." संध्याकाळी भांडी घासताना बघावं तर डोक्यात दिवसभराचा ढीग, आणि त्यातलं निम्मं पोटाचं. कुणाला जळजळ, कुणाला आंबट ढेकर, कुणाला गॅस. जेवायची वेळ धड नाही, दिवसभर चहा, गालात तंबाखू आणि कंबर धरली की मेडिकलमधून गोळी. चहा मीच देते, त्यामुळे मला खरं तर बोलायला तोंड नाही. तरी मी बोलतेच.

माझी गाडी पाथर्डीत, नगरकडं जाणाऱ्या जीपा लागतात तिथं. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलंय, आमचे ड्रायव्हर मात्र अजून "नगर नगर नगर" असंच ओरडतात. मी बारावीपर्यंत शिकले, म्हणून सांगताना जरा सरळ सांगते. बाकी भांडताना माझी पाथर्डी बाहेर येते.

हे किस्से सगळे एकाच पोटाचे आहेत. मारुतीभाऊंच्या.

मारुतीभाऊ म्हणजे आमच्या लाईनवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. करंजी घाटात समोरून उसाचा ट्रक अंगावर आला तरी त्यांच्या जीपमधली झोपलेली बाई जागी होत नाही, अशी गाडी चालवतात. स्वभाव असा, की कुणाला नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. हा स्वभावच पुढं सगळ्यांना नडला.

*

त्यांच्या पोटात दुखायचं. उपाशी असले की जास्त, चार घास खाल्ले की थांबायचं. आपण विचारावं, "भाऊ, पोट धरून का बसलाय?" तर म्हणायचे, "दुखत न्हाई ताई, भूक लागलीय." असं एक वर्ष काढलं. कंबरदुखीची गोळी मात्र रोज चालू, ती पण उपाशीपोटी, माझ्याच चहाबरोबर.

मग शौचाला काळं व्हायला लागलं. डांबरासारखं काळं. तेव्हा बाजारात जांभळं आली होती. मारुतीभाऊंनी सगळा दोष जांभळांवर टाकला आणि जांभळं खायची बंद केली. दोन दिवसांनी मला म्हणतात, "ताई, लई जोरात रंग असतो बरं का त्याचा, अजून उतरंना."

मी म्हणलं, "भाऊ, दवाखान्यात जा." म्हणाले, "जातो की, नगरलाच तर जातोय रोज." आणि दवाखान्यापुढून रोज जीप घेऊन जात राहिले.

एके दिवशी सकाळी बाकावर बसले आणि पांढरेफटक पडले. घाम फुटला. उलटी झाली, ती चहाच्या चोथ्यासारखी, काळी आणि रवाळ. स्टँडवर एकच पळापळ झाली. बबन म्हणून एक तरणा ड्रायव्हर आहे आमच्यात, बोलघेवडा, पण वेळेला पहिला धावणारा. त्यानं भाऊंना उचललं आणि जवळच्या जीपमध्ये घातलं. जवळची जीप म्हणजे भाऊंचीच. तिचा पहिला नंबर होता आणि ती भरलेली होती.

पॅसेंजरला उतरा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही! बबननं स्टेअरिंग धरलं आणि जीप निघाली. मधल्या सीटवरच्या बायांनी आक्रसून जागा केली, एकीनं भाऊंचं डोकं मांडीवर घेतलं. तिसगाव गेलं, कुणी हूं की चूं केलं नाही. करंजी आली तशी भाऊंनी डोळे न उघडता सांगितलं, "बबन, मावशी उतरायच्यात हितं."

मांडीवर डोकं घेतलेली ती मावशीच होती. ती म्हणाली, "मी न्हाई उतरत. चल तू."

सगळी जीप भरून दवाखान्याच्या दारात गेली. ज्याला कोर्टात जायचं होतं तो, जिला लेकीकडं जायचं होतं ती, सगळे तिथंच उभे राहिले. डॉक्टर बाहेर येऊन "जिवंत आहे, रक्त थांबवलंय" म्हणाले, तेव्हा एकेक जण आपल्या कामाला गेला. हे मला बबननं सांगितलं. ती मावशी भाऊंची कुणी लागत नव्हती, नाव पण माहीत नव्हतं एकमेकांना.

*

दुर्बीण घातली, अल्सर निघाला. म्हणजे पोटाला आतून जखम. डॉक्टरांनी कारणं सांगितली ती अशी, की पोटात एक जंतू असतो तो, वर ती कंबरेची गोळी, आणि तिच्यावर तंबाखू. जंतूसाठी गोळ्यांचा कोर्स दिला. कंबरेची गोळी बंद, तंबाखू बंद, चहा बंद, तिखट बंद. थोडं थोडं खायचं, पण वेळेवर खायचं. आधी आराम, मग जमेल तशी गाडी चालवा म्हणाले. पण पुढचं त्यांनी बोट वर करून सांगितलं. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघणार. जखम भरली असली तर ठीक. भरली नसली, किंवा मध्येच पुन्हा रक्त गेलं, तर ऑपरेशन, आणि गाडी चालवणं कायमचं विसरायचं.

भाऊ म्हणाले, "डॉक्टर, मला गाडीशिवाय दुसरं काई येतच न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "मग आता पोट सांभाळायला शिका."

हे सगळं मला शांतावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, स्टँडवर येऊन सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ताई, ह्यो माणूस घरी बसला तर आल्सरनी न्हाई, घरी बसूनच मरंल." खरंच होतं ते. आरामाच्या दिवसांत भाऊ अंगणात खाटेवर बसायचे आणि रस्त्यानं जीप गेली की आवाजावरून ड्रायव्हरचं नाव सांगायचे.

*

भाऊ परत स्टँडवर आले आणि औषधांचा पाऊस सुरू झाला.

बबननं आईचं औषध आणलं, ज्येष्ठमध. एका रोजच्या पॅसेंजरनं कोहळ्याचा रस. दुसऱ्याच्या मेव्हण्याला कोबीच्या रसानं गुण आलेला. बाकीचे पॅसेंजर तर पाथर्डीपासून नगरपर्यंत नुसतं औषधच सांगायचे. एका म्हाताऱ्यानं घरी करून आणलेला बेलाचा मुरंबा दिला, एका बाईनं कोरफड कुंडीसकट आणून पुढच्या सीटवर ठेवली. कुणी म्हणे थंड दूध, कुणी म्हणे गाईचं तूप, कुणी कच्च्या केळ्याची भुकटी. आणि आमचे भाऊ! नाही म्हणता येत नाही ना. एका दिवशी त्यांनी सगळ्यांचं मन राखलं. सकाळी दूध, मग कोबी, मग कोहळा, कोरफडीचा गर, मुरंबा, तूप, आणि येता-जाता ज्येष्ठमधाची काडी चघळायची.

करंजी घाटात जीप थांबवावी लागली. भाऊ पाण्याची बाटली घेऊन झाडीत गेले. आले, बसले, पुढच्या वळणावर पुन्हा गेले. पॅसेंजर खाली उतरून उभे. त्यात त्या दिवशी औषध देणारे बरेच जण होते. कोबीवाला म्हणाला, "बघा, साफ करतंय." कोहळावाला म्हणाला, "कोबीचं न्हाई ते, कोहळ्याचं काम हाय." घाटात दोघांची जुंपली, कुणाच्या औषधानं गुण आला यावरून. भाऊ परत आले आणि दोघांना हात जोडून म्हणाले, "दोघांच्याबी. आता बसा."

वहिनी ते सगळं पिशवीत भरून डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. मला वाटलं डॉक्टर पिशवी फेकून देतील. त्यांनी तसं केलं नाही. भाजी निवडावी तशी एकेक वस्तू निवडून बाजूला केली. केळं खा, दुधी खा, कोहळ्याची भाजी खा, मुगाचं वरण, मऊ भात, ताजं गोड ताक, सगळं चालेल. मुरंबा थोडा खा. कोबीचा रस नको, गॅस झाला की पोट तट्ट फुगेल, शिजवून चार घास खा. थंड दुधानं घटकाभर गार वाटतं, पण मागून आतलं आम्ल वाढतं, तेव्हा लोटाभर पिऊ नका. कोरफड बंद, जुलाब तिचेच. मग बीपी बघितला तर चढलेला. ज्येष्ठमधाची काडी उचलून म्हणाले, "ही किती दिवस चघळताय? हिनंच बीपी चढतो. आजपासून बंद." आणि शेवटी वहिनींकडं बघून म्हणाले, "यातलं काहीही खाल्लं तरी माझी गोळी एक पण चुकवायची नाही. जखम भरायचं काम तिचं आहे. जेवणानं पोटाला त्रास होणार नाही, एवढं बघायचं."

बबनला ज्येष्ठमधाचं लई वाईट वाटलं. दोन दिवस तो स्वतःच चघळत हिंडत होता.

*

शांतावहिनी जामखेडकडच्या. त्यांच्या हातचा ठेचा म्हणजे स्टँडवर भाऊंचा डबा उघडला की चार हात पुढं यायचे. वहिनींचा सगळा मान त्या तिखटात. आता त्यांना बिनतिखटाचा दुधी शिजवायचा होता. मला म्हणाल्या, "ताई, पांढरी भाजी ताटात वाढताना चोरी केल्यासारखं वाटतं."

भाऊ काय कमी नव्हते. वहिनींच्या डब्यातला दुधी गुमान खायचे आणि मी पाठ फिरवली की माझ्या भज्यांच्या परातीतल्या तळलेल्या मिरचीकडं हात जायचा. एकदा मी पकडलं. गरम झारा त्यांच्या हाताशेजारी आपटला आणि म्हणलं, "भाऊ, पुन्हा हात घातला तर हातच तळीन." पॅसेंजर बघत होते. भाऊ एवढंसं तोंड करून म्हणाले, "वास घेत हुतो."

मग एक दिवस ते आले आणि नुसतेच बसले. मला वाटलं, परत दुखायला लागलं. विचारलं, तर म्हणाले, "काल घरी लवकर गेल्तो. ही सैपाकघरात जेवत बसली हुती. ताटात त्योच दुधी. मी म्हणलं, तुझं तिखट कुठाय? तर म्हणती, मी सोडलं. कधी सोडलं? तर म्हणती, तुमी दवाखान्यात हुता तवापास्नं."

मग म्हणाले, "ठेचा सोडला, ताई. तिनं. ठेचा."

त्या दिवसापासून माझ्या मिरचीकडं त्यांनी बघितलं नाही. आणि मी वहिनींकडं बघितलं की मला वेगळंच वाटायला लागलं. जामखेडच्या बाईनं ठेचा सोडणं काय असतं, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल.

*

मध्येच एक लग्न आलं, जामखेडला. वऱ्हाड न्यायला आमच्या स्टँडवरच्या जीपा गेल्या, त्यात भाऊंची पण. तिकडची पंगत म्हणजे येसर आमटी, तिच्यावर बोटभर लाल तर्री, आणि आग्रह असा की ताटावर हात आडवा धरला तरी बोटांमधून वाढतील. भाऊ नाही म्हणणार नाहीत हे सगळ्यांना माहीत. वहिनींनी निघताना बबनला शपथ घातली होती.

बबन पंगतीत भाऊंच्या शेजारी बसला. भाऊंच्या वाटीत आमटी पडली की बबन वाटी बदलायचा आणि पिऊन टाकायचा. वाढपी परत येऊन बघतो तर वाटी रिकामी. त्याला वाटलं, पाहुण्याला आमटी लई आवडली. परत भरली. भाऊ आपले वरणभात कालवून खातायत आणि बबन दोघांची आमटी ओढतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय. नवरीचा बाप स्वतः आला, म्हणाला, "असा खाणारा पाव्हना पायजे," आणि आणखी वाढून गेला.

येताना बबनची जीप दुसऱ्यानं चालवली. बबन भाऊंच्या जीपमध्ये मागं आडवा, पोट धरून. भाऊ गाडी चालवता चालवता मागं न बघता म्हणाले, "बबन, कोहळ्याचा रस देऊ का? का कोबीचा? कोरफड पण हाय घरी, कुंडीसकट."

बबननं मला सांगितलं, की पाथर्डी येईपर्यंत भाऊ एकेक औषध विचारत होते आणि हसत होते. आजारी पडल्यापासून भाऊ पहिल्यांदाच असे हसले होते, म्हणून बबन गप्प राहिला.

*

आमच्या स्टँडचा कायदा एकच, नंबर. जीपा ओळीत लागतात, पहिलीची भरली की ती निघते, मग दुसरीला पॅसेंजर घ्यायचे. जीप भरली आणि ड्रायव्हर जागेवर नसला तर त्याची गाडी ओळीच्या शेवटी जाते. मग ड्रायव्हर कुणीही असो. आमदाराचा भाचा इथं जीप चालवून गेला, त्यालाही सवलत नव्हती. नंबरवरून इथं डोकी फुटलेली मी बघितली आहेत.

आता डॉक्टरांनी भाऊंना सांगितलेलं, अकराच्या सुमाराला खायचंच. आणि अकराला नेमकी जीप भरायची. एकदा असंच झालं. भाऊंनी डबा उघडला, पहिला घास हातात, आणि बबन ओरडला, "भरली." पुढच्या सीटवर एक कॉलेजची मुलगी बसली होती, मांडीवर पुस्तक. नगरला तिचा पेपर होता. ती घड्याळाकडं बघत होती. भाऊंनी ते बघितलं, घास परत डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि गाडीकडं निघाले.

मी ओरडायला तोंड उघडलं, तर ती मुलगीच म्हणाली, "काका, आधी जेवा."

भाऊ म्हणाले, "बाळा, तुझा पेपर हाय ना?"

ती म्हणाली, "हाय की. पण तुमच्या जीपनं जायचं म्हणजे तुमचं जेवण धरूनच निघतो आमी. आईनं त्या हिशोबानं लवकर उठवलंय मला."

मागून एक जण म्हणाला, "आमी पन तसंच निघतो." मग आणखी एक बोलला. मी बघितलं, त्या जीपमधल्या एकानंही उतरून दुसरी जीप धरली नाही. आणि दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर, ज्याला कायद्यानं पुढं जायचा हक्क होता, तो इंजिन बंद करून पेपर वाचत बसला होता.

भाऊ बाकावर परत बसले. डबा परत उघडला. मी पाठ फिरवून दूध उगाच ढवळत बसले.

*

आता दुर्बिणीच्या दिवसाचं सांगते. त्यासाठी आधी शमुवेलभाऊ कोण ते सांगायला पाहिजे.

शमुवेलभाऊ पण जुने ड्रायव्हर. चर्चच्या मागच्या वस्तीत राहतात. ते आणि मारुतीभाऊ एकाच उस्तादाच्या हाताखाली गाडी शिकले, पहिली जीप दोघांनी भागीत घेतली होती. मग कधीतरी दिवाळीच्या गर्दीत नंबरवरून दोघांचं वाजलं. कुणाचा नंबर होता ते आता दोघांनाही आठवत नसेल, पण तेव्हापासून बोलणं बंद. कितीतरी वर्षं. ओळीत दोघांच्या जीपा पुढं-मागं लागल्या तरी मध्ये तिसरा माणूस लागायचा. "त्याला सांग गाडी पुढं घ्यायला." "त्याला सांग घेतो म्हणून."

भाऊ आजारी पडले, सगळा स्टँड दवाखान्यात जाऊन आला, शमुवेलभाऊ गेले नाहीत. सगळ्यांनी औषधं आणली, यांनी एक काडी आणली नाही. मला राग आवरला नाही. एकदा चहा देताना म्हणलंच, "शमुवेलभाऊ, माणूस मरनाच्या दारातनं आलंय. दोन शब्द बोलला तर जीभ झडंल का?" त्यांनी अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि निघून गेले.

तर त्या दिवशी भाऊ आणि वहिनी सकाळच्या पहिल्या जीपनं नगरला गेले. दुर्बीण म्हणजे आदल्या रात्रीपासून कडक उपाशी, घोटभर पाणी पण नाही. जाताना वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "काय निघालं की तुमालाच पयला फोन करते, ताई." भाऊंनी आपली जीप उभी होती तिच्या बॉनेटवर एकदा हात ठेवला.

मी चहा ठेवला. आलं टाकलं, दूध टाकलं, वर आला. बबन आला, उभा राहिला. "देऊ का?" म्हणलं, तर म्हणाला, "नको आत्ता." दुसरा आला. "थांबा जरा, ताई." तिसरा तर गाडीजवळ आलाच नाही. एवढ्या वर्षांत सकाळच्या पहिल्या उकळीला माझ्या गाडीपुढं रेटारेटी असते, आणि त्या दिवशी एकही ग्लास उचलला गेला नाही. मी बशीत थोडा घेऊन जिभेला लावून बघितला. साखर बरोबर, आलं बरोबर.

मग मी भडकले. "काय रे, इख कालवलंय का मी ह्यात? का कुनी नवीन गाडी लावलीय पलीकडं, सांगा तरी."

बबन खाली बघत म्हणाला, "ताई, भाऊ तिथं उपाशी बसल्यात."

मी ओळीकडं बघितलं. सगळे आपापल्या जीपला टेकून उभे. कुणाच्या गालात तंबाखू नव्हती. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, हे मी नंतर एकेकाला विचारून बघितलं. मी गॅस बंद केला. चहावर साय धरली.

अकरा वाजून गेले. फोन माझ्या हातातच होता. बबन दर थोड्या वेळानं यायचा आणि न विचारता जायचा. पहिला नंबर शमुवेलभाऊंचा होता. त्यांची जीप कधीच भरली होती. ते स्टेअरिंगवर बसले होते, इंजिन बंद. पॅसेंजर म्हणाले, "चला की आता." ते म्हणाले, "निघू." पॅसेंजर परत म्हणाले. ते परत म्हणाले, "निघू." ज्या माणसानं नंबरपायी जिवाचा दोस्त सोडला, तो भरलेली जीप घेऊन बसून होता आणि मागच्या एकानंही हॉर्न वाजवला नाही.

मग फोन वाजला. माझा नाही, शमुवेलभाऊंचा.

त्यांनी स्क्रीनकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कानाला लावला. सगळा स्टँड त्यांच्या तोंडाकडं बघत होता. ते नुसते ऐकत होते. "हां," म्हणाले. थोड्या वेळानं परत, "हां." मग विचारलं,

"खाल्लंस का काई?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मग डॉक्टर म्हनले की आधी खा. मऊ भात खा, वरण पातळ घे. चहाच्या नादाला लागू नको. आन् एसटीबिस्टीनी येऊ नको, हितंच बसून ऱ्हा. मी येतोय न्यायला."

फोन खिशात घातला, जीप चालू केली. माझ्या गाडीशेजारून जाताना वेग कमी करून म्हणाले, "भरली मारुतीची जखम. चहा ठेवा, ताई." आणि नगरच्या रस्त्याला लागले.

वहिनींचा फोन मला त्यानंतर आला.